चिठ्ठी ठेवू का?

अप्पांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या छापखान्याचंही नाही. "इतकी वर्षं झाली, आता कुणाचं काय बिघडणार आहे?" असं आमच्या घरात सगळे म्हणतात. बिघडणार काहीच नाही. पण अप्पांना ते आवडलं नसतं, आणि त्यांना न आवडणारी एक गोष्ट मी आधीच करून बसले आहे. दुसरी नको.

परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढे पुस्तकांची दोन कपाटं, मागे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, आणि मधल्या जागेत एका टेबलाशी मी. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. नवरा शाळेत मास्तर, मुलं शाळेत जायला लागलेली, दुपार मोकळी. म्हणून मी तिथं जायला लागले आणि सात-आठ वर्षं जात राहिले. अप्पा प्रकाशक होते असं म्हटलं की लोकांना काहीतरी भारदस्त वाटतं. ते छापायचे सोळा पानी, बत्तीस पानी पुस्तिका. शंकराच्या आरत्या, बैलांचे आजार, कपाशीवरची कीड, अर्ज कसे लिहावेत, मूळव्याधीवर घरगुती उपाय. शेवटच्या पुस्तिकेचा खप सगळ्यात जास्त होता आणि ती कुणीही मोठ्यानं मागत नसे.

नवीन गिऱ्हाईक आलं, की पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालता घालता अप्पा विचारायचे, "चिठ्ठी ठेवू का?"

गिऱ्हाईक बावचळायचं. "कसली चिठ्ठी?"

"तुमी काय नेलं, अक्षर बारीक चालतं का मोठं लागतं, पुढल्या टायमाला काय पाहिजे, एवढं लिवून ठेवतो. ठेवली तर तुमाला पुन्हा सगळं सांगावं लागायचं न्हाई. नको म्हणलाव तर न्हाई ठेवत. पुस्तक तेच मिळंल, चहा बी तोच मिळंल."

बहुतेक लोक हो म्हणायचे. मग नाव सांगायला तोंड उघडायचे, तर अप्पा हात वर करायचे. "नाव तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. खूण निवडा." लग्नपत्रिकांवर छापायची शिशाची छोटी चित्रं त्यांच्याकडे ताटलीभर होती. मोर, समई, कमळ, बैल, कोयरी, चांदणी. गिऱ्हाइकानं एखादं किंवा दोन उचलायची, अप्पा त्याला शाई लावून चिठ्ठीवर अंगठ्यानं दाबायचे, आणि ती चिठ्ठी टाइप ठेवायच्या जुन्या खणांच्या लाकडी पेटीत जायची. "बैल-चांदणी. मोठं अक्षर. कपाशीचं वाचून झालं. रडकं नको." एवढंच त्यावर. पुढच्या वेळी तो माणूस आला, की "बैल-चांदणी" म्हणायचा आणि अप्पा खण काढायचे.

वर्षातून एकदा, श्रावणाच्या आधी, ते प्रत्येकाला पुन्हा विचारायचे, ठेवू की काढू? वर्षभर जो फिरकला नाही त्याची चिठ्ठी न विचारताच बाहेर निघायची. अशा सगळ्या चिठ्ठ्या अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, बादलीत भिजत घालायच्या, त्यांचा लगदा करायच्या आणि मेथी वाटून घालून त्यानं घरातल्या दुरड्या लिंपायच्या. चिठ्ठी फाडून टाकली तर तुकडे जोडता येतात, असं अप्पांचं म्हणणं. लगदा जोडता येत नाही.

मला हे सगळं थेर वाटायचं. मी घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. बत्तीस पानांच्या पुस्तिका, आणि राखण खजिन्यासारखी!

गिऱ्हाईक कपाटाशी उभं राहिलं की अप्पा त्याच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसायचे. एखादं पुस्तक न विचारता गेलं तर म्हणायचे, "नेलं असंल कुणी. मागायला लाजला असंल." एकदा पाथरीला लेकीकडे निघाले, ते दीड तासातच धुळीनं भरून परत दुकानात. एसटीत शेजारच्या माणसानं पिशवीतून खाकी कव्हराचं पुस्तक काढलं आणि वाचायला लागला. कव्हर आपलंच, आत मूळव्याध. अप्पा जागेवरून उठले, पण गाडीत दुसरी जागा नव्हती, म्हणून सरळ मधेच उतरले आणि आले पायी मागे.

"अहो, त्याला काय ठाऊक तुम्ही कोण ते?" मी म्हटलं.

"त्याला न्हाई, पण मला ठाऊक हाय ना. त्याचं तोंड बघितलं तर पुन्हा बाजारात दिसला की मला तेच आठवंल. त्याच्या बुडाची चौकशी मी कशाला डोक्यात घेऊन फिरू?"

मोंढ्यातला एक अडत व्यापारी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. रोज सकाळी दोघांचा चहा एकत्र. तो एकदा म्हणाला, "माझं पोरगं तुझ्याकडून काय नेतंय रे? हल्ली लय गप गप ऱ्हायलंय." अप्पांनी चहा खाली ठेवला. "त्यालाच इचार." दोस्त चिडला. बापाला हक्क नाही का, दोस्तीचा काही मुलाहिजा नाही का, खूप बोलला. अप्पा म्हणाले, "तुझ्या पोराच्या जागी तू असतास आन तुझ्या बापानं मला इचारलं असतं, तर?" दोस्त उठून गेला आणि दोन महिने चहाला आला नाही. ते दोन महिने अप्पा सकाळचा चहाच प्यायले नाहीत.

त्यांच्या गळ्यात चांदीची डबी असायची. त्यात इष्टलिंग. त्यांच्यात ते लहानपणी गळ्यात बांधतात आणि मरेपर्यंत काढत नाहीत. पूजा ज्याची त्यानं आपल्या तळहातावर करायची, दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही. अप्पा सदऱ्याचं वरचं बटण कधी उघडं ठेवत नसत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "हे मी आन माझा देव, दोघातलं हाय. माणूस काय वाचतो ते बी असंच हाय बघा, बाई. मी निसता छापणारा. मी मधात कोण?"

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला खूळ आहे.

त्या वर्षांत आमच्याकडे एकाच गोष्टीवर बोलणं चालायचं. विद्यापीठाचं नामांतर व्हावं की होऊ नये. बोलणं म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. खेड्यापाड्यांत गावाबाहेरच्या वस्त्या जळाल्या होत्या, माणसं घरंदारं सोडून गेली होती. पुढे जाळपोळ थांबली, पण मनं तशीच राहिली. ज्या घरात नामांतराला विरोध, त्या घरात दुसरा शब्द काढायची सोय नव्हती. अप्पांच्या भावकीतले बहुतेक विरोधातले. अशात एक शिक्षक हस्तलिखित घेऊन आले. नामांतर का हवं, ते सोप्या भाषेत सांगणारी बत्तीस पानं. अप्पांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि घेतली.

लेखकाच्या नावाच्या जागी "एक शिक्षक" छापायचं ठरलं. मागच्या पानावर अप्पांनी स्वतःचं नाव नेहमीपेक्षा मोठ्या टाइपात लावायला सांगितलं.

"अप्पा, निदान तुमचं तरी बारीक टाका," मी म्हटलं. मला खरोखर भीती वाटत होती.

"छापणाऱ्याचं नाव मोठं पाहिजे. दगड मारायचा तर कुटं मारावा ते लोकाला कळाया पाहिजे. वाचणाऱ्याचं नाव कशाला?"

दगड आला नाही, पण चार-पाच जण आले. पुस्तिकेचा गठ्ठा उचलून नेला आणि कुणी कुणी घेतली त्यांची नावं मागितली. अप्पा म्हणाले, ठाव न्हाई. एकानं चिठ्ठ्यांची पेटी बघितली आणि ओढून काढली. आत मोर, समई, कमळ. तो एकेक चिठ्ठी उजेडात धरून बघायला लागला. "हे काय हाय? समई कोण?" अप्पा म्हणाले, "समई म्हंजे समई." त्यानं पेटी उलटी केली आणि ते निघून गेले.

अप्पा तीन दिवस जमिनीवर बसून चिठ्ठ्या निवडत होते. गुडघे दुखत होते, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा. "बघितलंव का बाई? चिठ्ठ्या हातात घेऊन उभे ऱ्हायले आन काय बी घावलं न्हाई!" त्या दिवशी मलाही वाटलं की माणूस अगदीच खुळा नाही. हे वाटणं टिकलं असतं तर बरं झालं असतं.

आता तिच्याबद्दल लिहायचं आहे. ती गंगाखेडच्या पलीकडच्या एका गावातली, मोठ्या शेतकरी घराची सून. वय पंचविशीच्या आत. सासूच्या डोळ्यांना औषध चालू होतं म्हणून पंधरा दिवसांनी परभणीला यायची, सासूला दवाखान्यात रांगेत बसवायची आणि मधल्या अर्ध्या तासात आमच्याकडे. खूण कोयरी. दहावी झालेली, वाचायची भूक मोठी. बाईमाणूस म्हणून माझ्याशी मोकळेपणानं बोलायची. स्वतःचं नाव, सासऱ्याचं नाव, गाव, चार वर्षांच्या लेकीचे हट्ट, सगळं मला तिनंच सांगितलं. अप्पांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ती बोलायला लागली की ते मागे यंत्राकडे निघून जायचे.

एके दिवशी तिनं ती पुस्तिका मागितली. हळूच मागितली. म्हणाली, "आमच्या घरात सक्काळपासून ह्याच्यावरच बोलायलेत. वस्ती जळाली त्या दिवशी आमच्या घरातले माणसं कुटं व्हते, ते मी इचारलं न्हाई. पण ते लोक मागायलेत तरी काय, एवढं मला निसतं वाचून बघायचंय."

गठ्ठा गेलेला, दुसरी छपाई व्हायची होती. अप्पांनी तसं सांगितलं. ती म्हणाली, सासूचं औषध संपत आलं, आता पुन्हा कधी येणं होईल माहीत नाही.

"आल्यावर कळवू का?" अप्पांनी विचारलं. "तुमी हो म्हणलाव तरच. बंद लिफाफ्यात. वर दुकानाचं नाव न्हाई टाकणार."

तिनं थोडा विचार केला. "नको," म्हणाली. "आमच्या घरात लिफाफा बी फोडतेत. मीच येते कवातरी."

"बरं," अप्पा म्हणाले आणि विषय संपला.

म्हणजे तिनं नको म्हटलं होतं. माझ्या समोर म्हटलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की ती तसं स्पष्ट बोलली नव्हती.

दुसरी छपाई झाली आणि महिनाभरात संपत आली. अप्पा पाथरीला लेकीकडे गेलेले. शेवटच्या दहा-बारा प्रती उरल्या आणि मला तिची आठवण झाली. बिचारी वाट बघत असेल. लिफाफे संपले होते. टेबलाच्या खणात पोस्टकार्डं होती, कागदवाल्यांना लिहायची. वाचकाला कार्ड कधी पाठवायचं नाही हा अप्पांचा नियम. "कार्ड म्हंजे दवंडी," म्हणायचे. मला तो त्यांच्या बाकीच्या खुळांपैकी एक वाटायचा. मी कार्ड काढलं आणि लिहिलं. "ताई, तुम्हाला हवी होती ती नामांतराची पुस्तिका आली आहे. एक प्रत बाजूला ठेवते. मीही तुमच्यासारखीच सून आहे, चोरून वाचण्यातली गोडी मला ठाऊक आहे. सवडीनं या." खाली सही केली नाही, सवयीनं दुकानाचा शिक्का मारला. पत्त्यावर तिचं नाव, सासऱ्याचं नाव, गाव, तालुका, सगळं नीट सुवाच्य. टाकताना मला फार बरं वाटलं. आपण एका बाईसाठी काही केलं, असं वाटलं.

खेड्यात कार्ड आलं की पोस्टमन ते वाचून दाखवायचा. घरात वाचणारं कुणी असलं तरी तोच वाचायचा. तशी रीतच होती, त्यासाठी त्याला बसायला पाट आणि गुळाचा चहा मिळायचा. मी काही लंडनहून आले नव्हते. माझ्या माहेरी आमच्या ओसरीवर मी स्वतः अशी शेकडो कार्डं ऐकली होती.

महिन्याभरानं एक म्हातारा शेतकरी दुकानात आला. धोतर, बंडी, खांद्यावर टॉवेल. त्यानं बंडीच्या खिशातून कार्ड काढून अप्पांच्या पुढे ठेवलं.

"हे तुमच्या हितून आलंय का, मालक?"

अप्पांनी चष्मा लावला. कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"हितूनच गेलंय."

"मला वाचता येत न्हाई. पण त्यात काय हाय ते मला साऱ्या गावानं सांगितलं. माझ्या लेकीच्या सासऱ्याच्या ओसरीवर पंधरा माणसं बसले व्हते. विरोधाचीच बैठक व्हती म्हणं. पोस्टमन आला, सासरा म्हणला, वाच मोठ्यानं." म्हातारा थांबला. त्याला दम लागला होता. "तिसऱ्या दिवशी लेकीला माझ्या दारात आणून सोडली. नात ठिवून घेतली. चार वर्षाची हाय हो नात. म्हणले, असल्या बाईच्या हाताखाली आमची लेक वाढायची न्हाई. लेक दारात बसून ऱ्हायली, मालक. आत बी येईना."

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं.

"माझ्या लेकीनं सांगितलं व्हतं का, कळवा म्हणून?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "नको म्हणल्या व्हत्या."

"मग कुणी लिवलं हे?"

माझ्यासमोर मुद्रितं होती. हातात लाल पेन्सिल होती. उठून उभं राहायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. मला नवऱ्याची नोकरी आठवली, शाळेच्या संस्थेतले लोक आठवले, घरचे काय म्हणतील ते आठवलं. तेवढ्यात अप्पा बोलले.

"मी लिवलं."

म्हातारा म्हणाला, "गावोगाव म्हणतेत, तुमच्या पोटातलं ओठावर येत न्हाई. म्हणून पोरगी इश्वासानं आली व्हती." मग कार्ड उचलून त्यानं पुन्हा नीट खिशात ठेवलं आणि गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी रडायला लागले. अप्पांनी एकच विचारलं, "किती कार्डं लिवले?"

"एकच."

"बरं," म्हणाले. पाणी प्यायले. मग भिंतीकडे बघत बोलले, मला सांगायचं म्हणून की स्वतःशी, कोण जाणे. "जुन्या राजवटीत आमच्या गावात वाचनालय व्हतं. सोळा वर्षाचा असंल मी. कोण काय नेतो त्याचं रजिस्टर माझ्याकडं. माझं अक्षर चांगलं, सगळे वाखाणायचे, म्हणून मी अजूनच सुबक लिवायचा. नाव, बापाचं नाव, तारीख, पुस्तक. बंदीची पुस्तकं कोण वाचतो ते हुडकत शिपाई आले, त्यांनी निसतं रजिस्टर नेलं. कुणाला काय इचारायचं कामच पडलं न्हाई. आमच्या गुरुजींना उचललं. सा महिन्यानं परत आले, पण नंतर ते बोलायचेच न्हाईत." थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी जावा आता घरी, पोरं यायचा टाइम झाला."

त्यानंतर तीन वेळा अप्पा त्या गावाला गेले. चूक माझी, पोरीची काही नाही, तिला नांदवा, निदान लेक तिच्या ओटीत द्या, म्हणून सासऱ्याच्या पाया पडायला गेले. पहिल्या दोन वेळा त्यांना ओसरीवर चढू दिलं नाही. तिसऱ्या वेळी परत आले ते सदरा फाटलेला होता. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, अक्कांनी मुकाट्यानं सदरा शिवला.

आणि बातमी पसरली. अप्पांनी कार्ड लिहिलं. अप्पांनी नाव फोडलं. लोक यायला लागले, पुस्तकासाठी नव्हे. "माझी चिठ्ठी द्या," म्हणायचे. मोर आला, समई आली, बैल-चांदणी आला. कुणी नजर चुकवून मागायचं, कुणी तोंडावर बोलायचं. अप्पा एकालाही काही समजवायला गेले नाहीत. खण उघडायचे, चिठ्ठी काढायचे, दोन्ही हातांनी द्यायचे. मी टेबलाशी बसून हे बघायची. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. एकदा सगळे गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, मी सांगते सगळ्यांना."

"सांगून काय? चिठ्ठी ठेवणारा मी. तुमी माझ्या दुकानात बसून लिवलं म्हंजे मीच लिवलं."

मला ते पटलं नाही, तरी मी ते पटवून घेतलं. सोयीचं होतं.

पेटी रिकामी झाल्यावर अप्पांनी नवीन माणसाला "चिठ्ठी ठेवू का?" विचारणं बंद केलं. पुस्तक द्यायचे, मान खाली घालायचे. पुढे यंत्र विकलं, उरलेल्या पुस्तिका अक्कांच्या बादलीत गेल्या. दोन वर्षांत ते वारले. मातीला फार लोक नव्हते. त्यांच्यात बसवून माती देतात. अप्पा बसलेले अगदी दुकानात बसायचे तसे दिसत होते. परतताना तो मोंढ्यातला दोस्त कुणाला तरी म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. पण एकदाच तोंड उघडलं आन सगळं घालवलं." मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. तेव्हाही मी गप्पच बसले.

तिचं माहेर पिंगळी स्टेशनावर उतरून पुढं थोडं चालत गेलं की लागतं. परभणीहून पिंगळी एकच स्टेशन. मला तिथं जायला चौदा वर्षं लागली. विद्यापीठाचा निर्णय अखेर झाला, नावाचा विस्तार झाला, पेपरात ती बातमी वाचली आणि घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

ती अंगणात तुरी पाखडत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मला तिनं लगेच ओळखलं. पाणी दिलं, सूप बाजूला ठेवून बसली. बाप वारला होता, भावाच्या घरात राहायची, सकाळी बालवाडी चालवायची. मी लेकीचं विचारलं.

"लगीन झालं तिचं मागल्या साली. मला एसटीत एका बाईनं सांगितलं. अक्षता बी टाकता न्हाई आल्या मला." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. "ती मला ओळखत न्हाई. एकदा गंगाखेडच्या बाजारात दिसली व्हती, मी हाक मारली तर घाबरली."

मी घरून शब्द जुळवून आणले होते, ते सगळे गेले. "ते कार्ड अप्पांनी नव्हतं लिहिलं," मी म्हटलं. "मी लिहिलं होतं."

"ठाव हाय की मला."

तिनं बाजूचं सूप जवळ ओढलं.

"माझ्यासमोरच वाचलं ना. 'मी बी सून हाय' लिवलं व्हतं त्यात. अप्पा कुणाची सून व्हते?" ती किंचित हसली, आणि ते हसू मला सहन झालं नाही. "ओसरीवरच्यांनी 'नामांतर' आन दुकानाचा शिक्का एवढंच धरलं. बाबाला वाचता येत न्हवतं. अप्पा 'मी लिवलं' म्हणले, बाबानं खरं मानलं. मी बी काय बोलले न्हाई."

"का नाही बोललात?"

"अप्पांनी आपल्या डोक्यावर घेतलं व्हतं, ते मी कशी उतरवू? आन तुमी याल असं वाटलं व्हतं मला. पहिल्या दिवाळीला वाटलं. मग अप्पा गेले म्हणून कळालं, तवा वाटलं." तिनं पदरानं हातावरची धूळ पुसली. "मग सोडून दिलं."

मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही. मग म्हणाली, "एक इचारू का? ते पुस्तक हाय का तुमच्याकडं?"

"कोणतं?"

"तेच. कार्ड आलं, पुस्तक कुटं आलं? ज्याच्यापायी हे सारं झालं ते मी डोळ्यानं बी बघितलं न्हाई."

माझ्याकडे प्रत नव्हती. कुणाकडेच उरली नव्हती. पण मी त्या पानांची मुद्रितं तीन वेळा तपासली होती. मी तिला म्हटलं, आठवेल तसं सांगते, आणि तिथं अंगणातच सांगायला लागले. ज्यांच्या लेकरांना पिढ्यान् पिढ्या शाळेच्या दारात येऊ दिलं नाही, त्यांच्यातलाच एक माणूस सगळ्यांहून जास्त शिकला. आपल्या भागातल्या सगळ्यात मोठ्या शाळेच्या दारावर त्याचं नाव असावं, एवढं हे मागणं आहे. त्यानं कुणाचं शेत जात नाही, कुणाची विहीर आटत नाही, कुणाच्या लेकराची जागा जात नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक लेकराला वाटावं की आपणही इथलेच, म्हणून ते नाव हवं. असं बरंच काही, एकाच गोष्टीभोवती. ती मान खाली घालून ऐकत होती. माझं सांगून संपलं तरी ती थांबून राहिली, अजून काही असेल म्हणून.

"एवढंच व्हतं त्यात?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.